कॉपीराइट आपोआप मिळतो, मग नोंदणी कशाला? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात कॉपीराइटवर एक छोटंसं उत्तर दिलं होतं, त्यावर एवढे मेसेज आले की यावेळी सगळा कॉलम त्यालाच देतोय. बहुतेकांची भीती एकच, "रजिस्ट्रेशन केलेलं नाही, म्हणजे माझा हक्क गेला का?" सगळी पत्रं वाचून सांगतो, कॉपीराइटची नोंदणी नव्हती म्हणून यातल्या एकाचाही हक्क गेलेला नाही. जिथं गेलाय किंवा जायची वेळ आलीय तिथं कारण वेगळंच आहे, कुठंतरी न वाचता सही केलीय, नाहीतर कागदच केला नाही. काहींचे वाद अजून चालू आहेत म्हणून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न (शिक्षिका, राजारामपुरी) : मी बरीच वर्षं कविता करते. पावसावरची एक कविता फेसबुकला टाकली होती ती आता व्हॉट्सॲपवर फिरतीय, खाली माझं नाव नाही, एका ग्रुपवर तर दुसऱ्याच कवीचं नाव लावून आली. मी कॉपीराइट घेतलेला नाही. काही करता येतं का? मैत्रीण म्हणते कविता स्वतःलाच पोस्टानं पाठवून पाकीट न फोडता ठेवायचं, ते चालतं का?

उत्तर : ताई, कॉपीराइट घ्यावा लागत नाही, तो तुम्ही कविता कागदावर उतरवली किंवा मोबाइलवर टाइप केली त्या क्षणी तुमचा झाला. १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा असंच सांगतो, नोंदणी ऐच्छिक आहे, नोंदणी नसेल तर दावा करता येत नाही असं कुठंही लिहिलेलं नाही. मग नोंदणी करायची कशासाठी तर पुराव्यासाठी. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून कोणी जमिनीचा मालक होत नाही, मालकी खरेदीखतानं किंवा वारसानं आलेली असते, पण वाद झाला की तलाठ्यापासून कोर्टापर्यंत सगळे आधी सातबारा बघतात, तसंच हे. कायद्याच्या ४८ व्या कलमाप्रमाणे कॉपीराइटच्या रजिस्टरमध्ये जे लिहिलंय ते सकृतदर्शनी खरं धरलं जातं आणि ते खोटं आहे हे दाखवायची जबाबदारी समोरच्यावर जाते. एवढा फायदा नक्की आहे, आणि माझ्या मते ५०० रुपयांत तो स्वस्त आहे.

पाकिटाचं म्हणाल तर त्याला कायद्यात वेगळं असं काही स्थान नाही. फार तर तारखेचा एक पुरावा म्हणून पुढं करता येईल, तोही पाकीट आधी उघडं पाठवून नंतर चिकटवलं असा आक्षेप आला की डळमळतो. त्यापेक्षा तुमच्याकडं आहेत त्या गोष्टी जपा. वहीतला खाडाखोड केलेला पहिला खर्डा, फेसबुक पोस्टची लिंक आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट, दिवाळी अंकाला पाठवलेला ईमेल. खाडाखोड केलेली वही लोक फेअर कॉपी झाली की रद्दीत टाकतात हे बघून मला फार वाईट वाटतं, कारण एक ओळ खोडून दुसरी कशी आली हे फक्त लिहिणाऱ्याकडंच असतं, चोराकडं कधीच नसतं.

आता नावाचं. कलम ५७ मध्ये लेखकाला दोन खास हक्क दिलेत, आपली कृती आपल्याच नावानं ओळखली जाण्याचा आणि तिची अशी मोडतोड होऊ न देण्याचा जिनं लेखकाच्या लौकिकाला धक्का लागेल. हे हक्क कॉपीराइट विकला तरी लेखकाकडंच राहतात. तेव्हा दुसऱ्याच्या नावानं तुमची कविता छापणारा, "मला कुठं पैसे मिळाले" म्हणून सुटत नाही. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करणाऱ्या प्रत्येकाच्या मागं लागणं शक्य नाही आणि लागूही नका, पण कुठं पेजवर, वेबसाइटवर किंवा छापील अंकात दुसऱ्या नावानं आली असेल तर त्यांना लेखी कळवा, मूळ पोस्टची लिंक जोडा, नाव दुरुस्त करा किंवा काढून टाका म्हणून मुदत द्या. बरेच जण तेवढ्यावर दुरुस्त करतात. आणि आपण वाचकांनीही कविता पुढं ढकलताना कवीचं नाव कापू नये, नाव माहीत नसेल तर शोधावं, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

प्रश्न (निवृत्त बँक कर्मचारी, गडहिंग्लज) : माझा कथासंग्रह तयार आहे. प्रकाशकाकडं द्यायच्या आधी नोंदणी करायची आहे. एक एजंट आठ हजार मागतोय. एवढा खर्च येतो का? आणि प्रत्येक कथेची वेगळी नोंदणी लागते का?

उत्तर : काका, सरकारी फी साहित्यकृतीला ५०० रुपये आहे. अख्ख्या संग्रहाचं हस्तलिखित एकच कृती म्हणून देता येतं, कथेगणिक पैसे भरायची गरज नाही. एजंट किंवा वकील आपल्या कामाचे पैसे घेतो ते वेगळे, त्यात चूक काही नाही, पण त्यातली फी किती आणि त्याचे किती हे विचारून घ्या.

ऑफिस दिल्लीत द्वारकेला आहे, जायची गरज पडत नाही, copyright.gov.in हे पोर्टल आहे, तिथं खातं काढायचं आणि फॉर्म १४ भरायचा. सोबत दोन तक्ते असतात, स्टेटमेंट ऑफ पर्टिक्युलर्स आणि स्टेटमेंट ऑफ फर्दर पर्टिक्युलर्स, लोक घाईत भरतात ते हेच. पहिल्यात एक रकाना आहे, कृती प्रकाशित की अप्रकाशित. तुमच्यातली एखादी कथा दिवाळी अंकात आली असेल किंवा फेसबुकवर सगळ्यांना दिसेल अशी टाकली असेल तर ती प्रकाशित झालेली आहे, तिथं सरसकट "अप्रकाशित" लिहून मोकळं होऊ नका, कोणत्या कथा आधी कुठं आणि कोणत्या साली आल्या ते स्पष्ट द्या. दुसऱ्या तक्त्यात विचारतात की कृती स्वतंत्र आहे, भाषांतर आहे की कशावर बेतलेली आहे. तिथंही खरं तेच लिहा, कारण उद्या वादात हाच कागद तुमच्या बाजूनं किंवा तुमच्या विरुद्ध वाचला जाणार आहे.

अर्ज गेला की डायरी नंबर मिळतो. त्यानंतर ३० दिवस थांबावं लागतं, त्या काळात कुणाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते, म्हणून अर्जाची माहिती त्या कृतीत ज्यांचा हितसंबंध आहे त्यांनाही कळवायची असते. हरकत नसली तर छाननी, काही त्रुटी निघाली तर तसं पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर द्यायचं. डायरी नंबर म्हणजे सर्टिफिकेट नव्हे, हे लक्षात ठेवा, काही जण नंबर मिळाला की पुस्तकावर "रजिस्टर्ड" छापून मोकळे होतात. ईमेल रोज बघत चला, कारण त्रुटीचं पत्र तिथंच येतं आणि उत्तर गेलं नाही म्हणून अर्ज बाद होतात.

पुस्तक आधीच प्रकाशित असेल आणि प्रकाशक दुसरा असेल तर त्याची एनओसी लागते. मुखपृष्ठावरचं चित्र दुसऱ्यानं काढलंय तर ते त्याचं आहे, तुमच्या कथांबरोबर ते तुमच्या नावावर चढत नाही. आणि प्रकाशकाशी करार करताना हक्क किती वर्षांसाठी, कोणत्या भाषांसाठी, ई-बुक आणि ऑडिओ धरून की नाही हे लिहून घ्या. नोंदणीपेक्षा त्या कराराला जास्त वेळ द्या.

प्रश्न (विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर) : माझ्या एकांकिकेचा प्रयोग आम्ही एका स्पर्धेत केला होता. यंदा दुसऱ्या गावच्या ग्रुपनं नाव बदलून तसलीच एकांकिका केली. विषय तोच, शेवट पण तोच. आमच्या एकांकिकेचं नाव पण त्यांनी एका गाण्याला वापरलंय. केस होते का? आणि ते म्हणतात हौशी ग्रुपला परवानगी लागतच नाही.

उत्तर : मित्रा, आधी तुझा राग बाजूला ठेवून दोन्ही संहिता शेजारी शेजारी ठेव आणि वाच. विषयावर कुणाचा हक्क नसतो. आर. जी. आनंद यांच्या "हम हिंदुस्थानी" या नाटकावरून "न्यू दिल्ली" सिनेमा उचलला अशी केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, १९७८ ला निकाल लागला, प्रांतवादाचा विषय दोन्हींत होता तरी कोर्टानं सिनेमा नक्कल ठरवला नाही. कल्पना, विषय, कथानकाचा ढाचा, ऐतिहासिक घटना यात कॉपीराइट नाही, तो मांडणीत आहे, आणि कसोटी अशी सांगितली की दोन्ही बघितलेल्या माणसाला ही त्याचीच नक्कल आहे असं ठामपणे वाटलं पाहिजे. म्हणून बघ की संवाद किती उचललेत, प्रसंगांचा क्रम तोच आहे का, पात्रांच्या लकबी, तू मुद्दाम घातलेली एखादी वस्तू, एखादा विराम तसाच आलाय का. तू लिहिलंयस की तुझ्या संहितेत म्हातारी रिकाम्या डब्यातनं पोरांना लाडू वाटते आणि त्यांच्याकडंही तोच रिकामा डबा, तेच वाक्य. असे तीन-चार प्रसंग निघाले तर तुझी बाजू भक्कम आहे. नुसतं "शेतकऱ्याच्या घरातला बाप आणि शहरात गेलेला पोरगा" एवढंच सारखं असेल तर सोडून दे, तो विषय सगळ्यांचा आहे.

नावाचं म्हणशील तर शीर्षकाला स्वतंत्र कॉपीराइट मिळत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये एका सिनेमाच्या नावावरच्या वादात हे स्पष्ट केलंय. गाण्याला तुझ्या एकांकिकेचं नाव दिलं म्हणून काही करता येणार नाही.

हौशी ग्रुपचं ते म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. कलम ५२ मध्ये सवलत आहे, हौशी मंडळानं पैसे न घेता प्रेक्षकांसमोर किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तर तो भंग धरत नाहीत. पण धार्मिक संस्थेची मदत नसताना तिकीट लावलं की ही सवलत संपली. आणि सवलत प्रयोगापुरती आहे, लेखक म्हणून दुसऱ्याचं नाव लावायची नाही, कलम ५७ तिथंही लागू आहे. स्पर्धेत भाग घेताना तुम्ही संहिता जमा केली असेल, तिची पोच आयोजकांकडून लेखी घे, तारखेसह. आपल्याकडं पोरं जीव तोडून एकांकिका बसवतात, दिवाळीनंतर रात्री एकपर्यंत तालमी चालतात, पण संहितेच्या शेवटच्या पानावर लेखकाचं नाव आणि तारीख एवढंही नसतं. ते आजपासून सुरू कर.

प्रश्न (मूर्तिकार, शाहूपुरी कुंभार गल्ली) : मी शाडूत नवीन गणपती केला, त्याचा साचा काढून दोन सीझन विकतोय. यंदा बाहेरगावच्या एका कारखान्यानं माझी एक मूर्ती गिऱ्हाईक म्हणून नेली, रबरी साचा काढला आणि पीओपीत शेकड्यानं पाडल्या. ते म्हणतात गणपती सगळ्यांचा. मूर्तीच्या उजव्या कानामागं माझी कोरणी घसरलेली एक रेघ आहे, ती पण त्यांच्या मूर्तीत आलीय.

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातली ती कोरणीची रेघ सोन्यासारखी जपा. गणपती सगळ्यांचा हे खरंच आहे, सोंड, पाश, मोदक, मूषक, चार हात यावर कुणाचा हक्क असू शकत नाही. पण तुमच्या गणपतीची मान किती कलली, सोवळ्याच्या निऱ्या मांडीवरून कशा पडल्या, बोटांची ठेवण, डोळ्यांची आखणी, हे तुमच्या हातातून आलंय आणि शिल्प ही कायद्याप्रमाणे कलाकृतीच आहे. स्वतंत्रपणे दुसऱ्यानं तशीच बैठक घडवली असती तर त्याच्या हातून तुमची चूक झाली नसती. चूक फक्त साच्यातून जाते. कोर्टात तज्ज्ञ बोलावून दोन्ही मूर्ती शेजारी ठेवल्या की ती रेघच बोलेल. त्यांची एक मूर्ती पावती घेऊन विकत आणा, रंग खरवडू नका, कानामागचा फोटो पट्टी लावून दोन्ही मूर्तींचा काढा, आणि तुमचा मूळ शाडूचा नग किंवा निदान पहिला साचा मोडू नका.

एक गोष्ट तुम्ही पत्रात सांगितली नाही, मूळ मॉडेल तुम्ही स्वतः केलंय की कुणाकडून करून घेतलंय? कारण हंगामात बरेच कारखाने बाहेरच्या कलाकाराला ठरावीक पैसे देऊन मॉडेल करून घेतात. पगारी कामगारानं नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं, वेगळा करार नसेल तर. पण बाहेरच्या शिल्पकाराला पैसे दिले म्हणून शिल्पाचा कॉपीराइट आपोआप तुमचा होत नाही, त्यानं लेखी लिहून दिलं पाहिजे. फोटो, चित्र, पोर्ट्रेट यांना नियम वेगळा आहे, त्यावर खाली एक प्रश्न आहेच. कलाकाराच्या बाजूनं बघितलं तरी हे बरोबर आहे, ज्याच्या बोटांनी मूर्ती घडली त्याचं नाव कागदावर यायलाच पाहिजे.

समोरचा वकील एक मुद्दा नक्की काढेल, कलम १५. ज्या डिझाइनची डिझाइन कायद्याखाली नोंदणी होऊ शकते पण केली नाही, त्याच्या वस्तू औद्योगिक पद्धतीनं ५० पेक्षा जास्त काढल्या की त्यातला कॉपीराइट संपतो. त्याला उत्तर असं की डिझाइन कायदाच कलाकृतीला "डिझाइन" मधून वगळतो आणि शिल्प ही मुळात कलाकृती आहे. हा मुद्दा लढवावा लागेल, आयता मिळणार नाही. पुढच्या वर्षीचं नवीन मॉडेल साचा काढायच्या आधीच चारी बाजूंनी फोटो काढून नोंदणीला टाका.

प्रश्न (सोनार, गुजरी) : आमच्या कारागिरानं साजाचं नवीन डिझाइन केलं, चार दुकानांत तसंच दिसतंय.

उत्तर : इथं कलम १५ सरळ लागू पडतं. दागिना हा डिझाइन कायद्याचा विषय आहे, कागदावरच्या स्केचला कॉपीराइट असला तरी त्यावरून ५० च्या वर नग पाडले की तो हातातून जातो. डिझाइन नोंदणी १० वर्षं आणि वाढवून आणखी ५ वर्षं चालते, मात्र अर्ज बाजारात आणायच्या आधी, काउंटरवर किंवा इन्स्टाला दाखवायच्या आधी करायचा असतो, नंतर ते "नवीन" राहत नाही. तुमचं डिझाइन बाजारात आलेलं आहे, त्यामुळं त्याच्यासाठी उशीर झालाय, पुढच्यासाठी करा. आणि साजातली दशावताराची पारंपरिक पानं कुणाच्याच नावावर होणार नाहीत, नवीन जे घातलंय तेवढंच.

याच संदर्भात तिघांनी कोल्हापुरी चपलेबद्दल विचारलंय. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडनं तशा चपला दाखवल्या तेव्हा सगळीकडं "आपला कॉपीराइट" असं लिहिलं जात होतं. चपलेला आहे ते जीआय, भौगोलिक मानांकन, २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावानं मिळालेलं, दोन्ही राज्यांतल्या आठ जिल्ह्यांसाठी. तो हक्क एका माणसाचा नसून त्या भागात ती वस्तू बनवणाऱ्यांचा आहे. मुंबई हायकोर्टात जनहित याचिका झाली ती जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण दाद मागायला नोंदणीधारकानं यायला पाहिजे होतं. चपला शिवणाऱ्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नावं नोंदवून घेतली पाहिजेत, हे फार कमी जणांनी केलंय असं मला बोलताना जाणवतं.

प्रश्न (गीतकार, कागल तालुका) : एका म्युझिक कंपनीनं माझं भक्तिगीत घेतलं, स्टॅम्प पेपरवर सही घेतली, ५ हजार दिले. गाणं यूट्यूबवर जोरात चाललंय. कागदावर लिहिलंय "सदर गीताचे सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीस दिले असून यापुढे मानधन अथवा रॉयल्टी मागणार नाही". मी फसलो का?

उत्तर : दादा, पूर्ण नाही. त्या एका वाक्यात दोन गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करून बघा. "सर्व हक्क कायमस्वरूपी" हे तुम्ही सही करून दिलंय, ते मोडणं अवघड आहे. पण "रॉयल्टी मागणार नाही" हे कायद्याला मान्य नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना त्यांच्या गाण्याच्या वापरावर मिळणाऱ्या रॉयल्टीतला समान वाट्याचा हक्क विकता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही, दिला तर फक्त वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला. ते वाक्य स्टॅम्प पेपरवर असो की कशावरही असो, टिकत नाही. आयपीआरएस ही गीतकार, संगीतकारांची सोसायटी आहे, तिचं सभासद व्हा आणि गाणं तिथं नोंदवा.

कराराची आणखी दोन-तीन कलमं बघून घ्या. हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कोणत्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. तुमच्या कागदात "कायमस्वरूपी" आहे पण जगभरासाठी म्हटलेलं नाही, म्हणजे परदेशातले हक्क तुमच्याकडं आहेत असं म्हणायला जागा आहे. घेतलेला हक्क कंपनीनं वर्षभरात वापरलाच नाही तर तो परत तुमच्याकडं येतो, करारात वेगळं नसेल तर. आणि हक्क देणं लेखी व तुमच्या सहीनंच झालं पाहिजे, फोनवर "घ्या की साहेब" म्हटलं म्हणून काही जात नाही.

पुढच्या गाण्याला सही करायच्या आधी तो कागद एक दिवस घरी आणा. समोरचा "आत्ताच द्या, स्टुडिओ बुक आहे" म्हणेल. तरी आणा. गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या कृती आहेत, शब्दांची नोंदणी ५०० रुपयांत तुमच्या नावावर होते, रेकॉर्डिंगची २ हजार रुपयांत कंपनी करेल ती तिच्या रेकॉर्डिंगपुरती. शब्दांचा फक्त वापराचा परवाना द्या, रेकॉर्डिंगपुरता, ठरावीक वर्षांसाठी. गाव, जत्रा, भजनी मंडळ यांच्यासाठी आयुष्यभर लिहिलेल्या माणसाला आपलंच गाणं म्हणताना यूट्यूबचा स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट भंगाचा शेरा, आला असं होऊ नये, आणि अशी पत्रं माझ्याकडं वाढत चाललीत म्हणून हे एवढं लांबवून लिहितोय.

प्रश्न (फोटोग्राफर, मंगळवार पेठ) : लग्नाचे फोटो माझे, मी इन्स्टाला टाकले, नवरीकडचे काढायला लावतात. क्लिक मी केलंय ना?

उत्तर : क्लिक तुम्ही केलंय पण पैसे घेऊन, त्यांच्या सांगण्यावरून. अशा फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, ऑर्डर देणारा असतो. काढून टाका. पुढच्या बुकिंगच्या पावतीवरच "कामाचा नमुना म्हणून निवडक फोटो वापरण्यास संमती" असं छापून सही घेत चला. पंचगंगेवर पहाटे स्वतःच्या हौसेनं काढलेला फोटो मात्र पूर्ण तुमचा.

प्रश्न (गृहउद्योग करणाऱ्या ताई, कसबा बावडा) : माझ्या तांबड्या रश्श्याच्या मसाल्याची रेसिपी आणि पाकिटावरचं चित्र कॉपीराइट करायचंय.

उत्तर : वहिनी, रेसिपी म्हणजे काय किती घ्यायचं आणि कसं भाजायचं, ही पद्धत झाली, तिला कॉपीराइट नाही. तुम्ही तुमच्या शब्दांत रेसिपीचं पुस्तक लिहिलं तर ते शब्द तुमचे. मसाल्याचं प्रमाण वाचवायचं तर ते कुणाला सांगू नका, कामाला येणाऱ्या बायकांना वाटणाचा एकेक भाग वेगळा द्या, हाच उपाय. पाकिटावरच्या चित्राची नोंदणी होते, मालासाठी वापरायचं असल्यानं फी २ हजार आणि सोबत ट्रेडमार्क ऑफिसचा शोध दाखला लागतो. चित्र डिझायनरनं केलं असेल तर त्याची एनओसी घ्या. ब्रँडच्या नावासाठी ट्रेडमार्कच लागेल, कॉपीराइट नाही.

प्रश्न (वाचक, शिवाजी पेठ) : आजोबा चित्रकार होते, १९७५ ला गेले. त्यांचं एक चित्र ज्यांनी विकत घेतलं होतं त्यांनी आता कॅलेंडरवर छापलं. चित्र त्यांचंच आहे, मग आम्ही काय बोलणार?

उत्तर : बोला. चित्र विकत घेणं म्हणजे कॅनव्हास विकत घेणं, छापायचा हक्क त्यासोबत जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. आजोबांनी ते विकत घेणाऱ्याच्याच ऑर्डरवरून काढलं होतं का एवढं तपासा, तसं असेल तर गणित बदलतं. नसेल तर कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २०३५ च्या डिसेंबरअखेर वारसांकडं आहे. पूर्वी ही मुदत ५० होती, १९९२ मध्ये ६० झाली. आपल्या गावच्या बाबूराव पेंटरांचं निधन १९५४ चं, त्यांच्या चित्रांची मुदत २०१४ अखेर संपली, ती आज कुणीही छापू शकतो, आणि नावासकट छापावीत. आजोबांच्या चित्रांची यादी करा, कुठलं कुणाकडं आहे, सही कुठं आहे, मागच्या बाजूचा फोटो काढा, कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची कितीतरी कामं निव्वळ यादी नाही म्हणून अनामिक झालीत.

प्रश्न (अनेक वाचक) : तक्रार करायची तर कुठं? मुंबईला जावं लागतं का?

उत्तर : नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळं तुम्ही जिथं राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, समोरचा दिल्लीचा असला तरी, म्हणजे आपल्या कोल्हापुरात कसबा बावडा रोडच्या न्याय संकुलात. अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच सुरू झालंय, सीपीआर रुग्णालयासमोर. ज्यांनी त्या मागणीसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे, एका मूर्तिकाराला किंवा गीतकाराला मुंबईची एकेक तारीख काय पडते हे मी बघितलंय.

ऑनलाइन चोरी असेल तर कोर्टाच्या आधी प्लॅटफॉर्मला लेखी तक्रार करा, तुमची कृती कोणती, हक्क कसा, आणि चोरलेल्या प्रत्येक पोस्टची नेमकी लिंक. नियमाप्रमाणे त्यांना ३६ तासांत ती बंद करावी लागते, आणि २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत चालू करू शकतात, म्हणून तक्रार टाकतानाच वकील बघून ठेवा. फौजदारी बाजूही कडक आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र असल्याचं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये म्हटलंय. तरी माझा सल्ला, आधी नोटीस द्या. गल्लीतल्या, ओळखीतल्या माणसावर थेट पोलीस केस टाकली की तडजोडीचा रस्ता बंद होतो आणि नोटिशीवर मिळालं असतं ते दहा वर्षांत मिळत नाही. कारखान्यानं हंगामात शेकड्यानं माल पाडलाय अशा ठिकाणी मात्र थांबू नका, तातडीचा मनाई हुकूम मागा, विसर्जनानंतर मिळालेला मनाई हुकूम घेऊन काय करायचं.

दाव्याची रक्कम ३ लाखांच्या वर असेल तर तो कमर्शिअल कोर्टात जातो आणि तातडीची मागणी नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मध्यस्थी करावी लागते. नुकसानभरपाईसाठी भंगापासून तीन वर्षांची मुदत असते. ज्यांच्या प्रकरणाला दोन वर्षं होऊन गेलीत, तुमच्यापैकी दोघांची तशी आहेत, त्यांनी पुढच्या अंकाची वाट न बघता या आठवड्यात कागद घेऊन वकिलाकडं जावं.